आक्कांची पोच

जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल कळवळा असलेली माणसं मला नोकरीत पुष्कळ भेटली. त्यांतली बरीचशी स्वतः अशाच शाळेत शिकलेली. सत्काराच्या भाषणात गळक्या कौलांची आणि पाटीवर गिरवलेल्या अक्षरांची आठवण काढून गहिवरणारी. त्यांची मुलं अर्थातच दुसरीकडे शिकत होती. शाळेचा अर्ज घेऊन तालुक्याला जाणारी, साहेब जेवायला गेले तर ते येईपर्यंत व्हरांड्यात बसून राहणारी, आणि तेवढ्याच हक्काने वर्गाच्या दारात येऊन ‘बाई, ह्या लेकराला अजून जोडाक्षर येत न्हाई’ असं सुनावणारी व्यक्ती एकच भेटली. सगळी वाडी त्यांना आक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली आणि मीही निवृत्त झाले. नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात अधूनमधून ‘शाळा आणि समाजाचा सहभाग’ असा विषय देऊन मला बोलावतात. मी दर वेळी आक्कांबद्दलच बोलते. तिथे वेळ पुरत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमची वाडी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. मुरमाड जमीन, पावसाच्या भरवशावरची बाजरी, तूर आणि कापूस. दसरा झाला की मुकादमाची वाहनं वाडीच्या तोंडाशी लागत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर घेतलेली उचल पावसाळ्यातच लग्नात, दवाखान्यात नाहीतर बियाण्यात संपलेली असे, त्यामुळे जायचं की राहायचं हे ठरवायला उरतच नसे. बीड जिल्हा आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांतून दर हंगामाला लाखो माणसं अशी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, फडाच्या कडेला कोपी घालून राहतात. सोबत पोरं असतातच. थोरली मुलगी तान्ह्याला सांभाळायला, मुलगा बैलांना वाढं टाकायला.

शाळेत त्याचा हिशोब असा दिसे. शिक्षकांची पदं ठरवण्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात. त्या दिवशी आमचे दोन्ही वर्ग भरलेले असत. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत आलो की पटावर चाळीसेक नावं आणि समोर दहा-बारा मुलं. शाळा कागदावर मोजली जायची सप्टेंबरात आणि रिकामी व्हायची नोव्हेंबरात. उन्हाळ्याच्या तोंडावर मुलं परत येत, वरच्या वर्गात जात. असे दोन-तीन हंगाम गेले की मूल चौथीच्या बाकावर बसलेलं असे, पण वाचायला पहिलीचं पुस्तक लागे.

आक्का ऊस तोडूनच म्हाताऱ्या झालेल्या. डाव्या हाताची दोन बोटं कोयत्याने अधू झालेली. ‘मपल्या तिन्ही पोरांनी कारखाने समदे पाह्यले, शाळा तेवढी ऱ्हायली,’ असं त्या सांगत. गुडघे गेल्यावर त्यांचं जाणं थांबलं आणि नातवंडं त्यांच्यापाशी राहू लागली. प्रौढांच्या वर्गात त्या सहीपुरतं लिहायला शिकल्या होत्या. त्यापलीकडे वाचता येत नव्हतं.

शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आली. तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. बहुतेक ठिकाणी ही समिती जशी होते तशीच आमच्याकडेही होणार होती: मुख्याध्यापकांनी नावं लिहायची आणि शिपाई नसल्यामुळे आम्हीच घरोघर जाऊन सह्या आणायच्या. निदान एकदा सभा घेऊ, असं म्हणून मी नियम वाचून दाखवायला उभी राहिले. मागे बसलेल्या आक्कांनी विचारलं, ‘आई-बाप कारखान्याला गेल्यावर पालक कोन?’ सभेत कुणी बोलेना. ‘मंग मीच की,’ त्या म्हणाल्या. कायदा आई-वडिलांबरोबर पालकांचाही उल्लेख करतो, त्यामुळे हरकत घ्यायला जागा नव्हती. आक्का समितीत आल्या आणि पुढच्याच बैठकीत अध्यक्ष झाल्या. पुरुषांना वाटलं, म्हातारी आहे, सह्या करील. सह्या त्यांनी केल्या, पण कागद आधी दोनदा वाचून घेऊन.

त्यांचं पहिलं मोठं काम हंगामी वसतिगृहाचं. योजना सरकारचीच होती. आई-वडील ऊसतोडीला गेले की मुलांना गावातच ठेवायचं, त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणासाठी सरकारने पैसे द्यायचे, चालवायचं समितीने. चांगली योजना. अडचण वेळापत्रकाची होती. आधी स्थलांतराचं सर्वेक्षण, मग यादी, समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, केंद्रप्रमुखांची शिफारस, तालुका, जिल्हा, आणि मग मंजुरी. तोवर वाडी रिकामी झालेली असे. गाडीत बसून गेलेलं मूल मधूनच परत येत नाही, कारण त्याला आणून सोडायला मजुरी बुडवावी लागते.

आक्कांनी यावर जे सुचवलं ते आमच्यापैकी एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नव्हतं. ‘सर्वेक्षण कशापायी करता? उचल कुनी घेतली ते मला इचारा. उचल घेतली त्यो जानार.’ उचल आखाडा-श्रावणातच उचलली जाते आणि वाडीत ती गोष्ट लपत नाही. त्यामुळे कोणाची किती मुलं मागे राहतील याची यादी ऑगस्टच्या सुरुवातीलाच तयार झाली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला आणि त्याच आठवड्यात आक्का, एक सदस्य आणि मी एसटीने तालुक्याला गेलो.

आधीच्या वर्षी दिलेला आमचा एक अर्ज ‘आलाच नाही’ असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून आक्कांचा नियम ठरला. अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यायची. ‘पोच घेतल्याबिगर उठायचं न्हाई,’ असं त्या बजावत. बियाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या सगळ्या पोची जपून ठेवत. वाचता येत नसलं तरी कुठला कागद कशाचा हे शिक्क्याच्या जागेवरून आणि कागदाच्या घडीवरून त्यांना ओळखू येई. पुढच्या खेपेला टेबलावर ती प्रत ठेवून त्या शांतपणे विचारत, ‘ह्यो शिक्का हितलाच हाय ना, साहेब?’ आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. एकदा एका लिपिकाने ‘सारखं काय मागायला येता’ म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘मागाया न्हाई आलाव, आठवन द्याया आलाव.’

त्या वर्षी मंजुरी दिवाळीनंतरच आली. काही कुटुंबं पोरांना घेऊन निघून गेली होती, काहींनी आक्कांच्या शब्दावर ठेवली होती. पैसे तर आणखी उशिरा आले. मधल्या काळात वाडीतल्या दुकानदाराने किराणा उधारीवर दिला, तोही आक्कांच्या शब्दावरच. पुढे एका वर्षी मंजुरीचं पत्र दसऱ्याच्या आधी हातात पडलं आणि त्या हंगामात पहिल्यांदाच दिवाळीनंतर आमचे वर्ग भरलेले राहिले. अनेक वर्षं जी गोष्ट आम्ही ‘इथली परिस्थितीच तशी’ म्हणून सोडून दिली होती, ती मुळात कागद वेळेवर हलण्याची गोष्ट निघाली.

वसतिगृह म्हणजे शाळेचीच एक खोली आणि बाहेर पत्र्याखाली चूल. भाकरी, वरण, एखादी भाजी. स्वयंपाकाला वाडीतल्याच दोघी. जेवून मुलं तिथेच पुस्तकं उघडत आणि मग आपापल्या आजीकडे झोपायला जात. आक्का जेवणाच्या वेळी भिंतीला टेकून बसत. हजेरी ताटावर लागे. जे मूल समोर नाही त्याच्या नावापुढे खूण करायची नाही. ‘चार नावं जास्त लावली तर किराण्याचं भागेल,’ असं कुणीतरी चांगल्या हेतूनेच सुचवलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, ‘खोटी हजेरी लावली तर फुडच्या साली खरी लेकरंबी खोटी ठरतील.’ अशा योजनांबद्दल पुढे जेव्हा जेव्हा गैरव्यवहाराच्या बातम्या वाचल्या, निकष कडक झाले, खऱ्या गरजूंचे प्रस्ताव अडकले, तेव्हा आक्कांचा हिशोब किती पुढचा होता ते कळलं.

शाळेसाठी भांडतात म्हणून त्या शिक्षकांच्या बाजूच्या होत्या, असं मात्र समजू नका. प्रार्थनेच्या वेळेला त्या अनेकदा फाटकापाशी असत. उशीर झालेल्या शिक्षकाला काही बोलत नसत, नुसता नमस्कार करत, आणि तो नमस्कार बोलण्यापेक्षा जड जाई. मुलांना वाचता येतं की नाही हे तपासायची त्यांची स्वतःची पद्धत होती. पुस्तकातला धडा पोरं पाठ म्हणतात हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्या युरियाच्या गोणीवरची अक्षरं, एसटीचं तिकीट, रेशनकार्ड असं काहीबाही समोर धरत आणि ‘वाच’ म्हणत. स्वतःला वाचता येत नसताना मूल खरं वाचतंय की अंदाजाने बोलतंय हे त्यांना कसं कळे, असं मी विचारलं होतं. ‘वाचनारं लेकरू कागदाकडं बघतं, फेकनारं माह्या तोंडाकडं,’ हे त्यांचं उत्तर. डी.एड.च्या दोन वर्षांत वाचनाच्या मूल्यमापनाबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण शिक्षकाला वर्गातून उचलून दुसऱ्या कामाला लावलं की त्या आमच्यासाठी उभ्या राहत. कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात, हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यानंतर कुठलं नवं सर्वेक्षण निघालं की त्या बोटावर मोजत: ‘ह्ये त्या तिन्हींत बसतं का?’ बसत नसलं तर समितीचा अर्ज जाई. अर्जात तक्रारीचा सूर नसे. अमुक तारखांना दोन वर्ग शिक्षकाविना राहिले, त्या दिवसांचं शिकवणं कधी भरून मिळेल ते कळवावं, एवढंच. साठपर्यंत मुलं असतील तरी दोन शिक्षक हवेत हे कायद्याच्या परिशिष्टातच आहे, हेही त्यांना पाठ होतं. उत्तर येवो न येवो, पोच पिशवीत जाई.

एका हिवाळ्यात शहरातून काही मंडळी मुलांना दप्तरं वाटायला आली. माणसं भली होती. फोटो झाले, खाऊ झाला. निघताना त्यांनी आणखी काय हवं असं विचारलं. आमच्या मुख्याध्यापकांनी पंखे आणि टीव्ही सांगितला. वीजबिल थकल्यामुळे तेव्हा शाळेची वीज तोडलेली होती, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. आक्कांनी दोन कोरे अर्ज पुढे केले, एक बिलाचा आणि एक दुसऱ्या शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा, आणि म्हणाल्या, ‘तुमी मोठी मानसं. ह्याच्याखाली तुमच्याबी सह्या करा.’ मंडळी गडबडली. तिघांनी सह्या केल्या, बाकीचे गाडीकडे गेले. दप्तरं मुलांनी आनंदाने वापरली आणि आक्कांनीही त्यांना नावं ठेवली नाहीत. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की दप्तर एका सालात फाटतं, शिक्षकाची जागा भरली तर ती पुढच्या पोरांनाही पुरते.

याच मुद्द्यावर मला महात्मा फुले आठवत. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी शेतकऱ्यांच्या करातून जमा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो हे मांडलं होतं आणि किमान बारा वर्षं वयापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एका ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमात मी हे सगळं सांगितलं. आक्का शेवटी म्हणाल्या, ‘आमी काड्याच्या पेटीवरबी कर देताव. मंग शाळा फुकट कशी म्हनता? पैसे आदीच दिल्यात.’ फुल्यांचं निवेदन त्यांनी वाचलेलं नव्हतं. पण शाळा ही मेहेरबानी नाही, आपल्याच पैशाची आहे, हा त्यातला गाभा त्या जगत होत्या. त्यामुळेच कार्यालयात त्या हात जोडून उभ्या राहत नसत, खुर्ची ओढून बसत.

२०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरलं. राज्यात अशा १,३०० हून अधिक शाळा यादीत होत्या. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या शाळेचीही चर्चा सुरू झाली. तोवर आक्कांची नातवंडं चौथी संपवून पुढे गेली होती, समितीची मुदत संपली होती, कुठलंच पद उरलेलं नव्हतं. तरी त्या तिथे गेल्या. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कागदावर अंतर बसवलं होतं, पण ते सरळ रेषेतलं. प्रत्यक्षात मध्ये ओढा होता आणि वाट वळसा घालून जायची. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना आक्का म्हणाल्या, ‘साहेब, ह्या पहिलीच्या लेकरासंगं एकडाव चालून दावा.’ ते खरोखरच चालले, ही त्यांची सज्जनता. ओढा ओलांडताना त्यांनीच त्या मुलाला उचलून घेतलं. अहवालात पायवाटेचं अंतर आणि ओढा, दोन्ही नोंदवलं गेलं आणि ती शाळा चालू राहिली.

वाडीत सकाळी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी येऊ लागली तेव्हा मात्र आक्कांनी गाडीवर राग काढला नाही. जी दोन-तीन घरं पोरांना तिकडे पाठवत होती त्यांना त्या वाईटही बोलल्या नाहीत. त्या आमच्याकडे आल्या. ‘लोक पैसे भरून का जात्यात, त्ये आधी आपन बघू,’ म्हणाल्या. त्या घरांत जाऊन आम्ही विचारलं तेव्हा कळलं, की इंग्रजीपेक्षाही त्यांना रोज शिक्षक हजर असण्याची आणि गृहपाठ तपासला जाण्याची खात्री हवी होती. ती आमच्या हातातली गोष्ट होती. आम्ही ती सुधारली. एक घर परत आलं, बाकीची आली नाहीत.

सगळंच साधलं असं लिहिलं तर ते आक्कांनाच आवडणार नाही. चौथीनंतर मोठ्या गावची शाळा, आठवीनंतर तालुका, आणि तिथे राहायची सोय नाही म्हणून मुली पुन्हा फडावर किंवा बोहल्यावर गेल्या. त्यांच्या थोरल्या नातीचं शिक्षणही नववीतच थांबलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी तालुक्यांच्या ठिकाणी शासकीय वसतिगृहं काढायची योजना २०२१ मध्ये आली, ती या पिढीच्या कामी फारशी आली नाही. वाडीतल्या त्या वेळच्या मुलांपैकी काही आज पुन्हा कोयता घेऊन जातात. फरक एवढाच, की उचलीच्या कागदावर काय लिहिलंय ते ती वाचतात आणि मुकादमाचा हिशोब स्वतः तपासतात. आक्कांच्या लेखी हा फरक लहान नव्हता.

त्या गेल्या तेव्हा हंगाम ऐन भरात होता. लेकरं-सुना कारखान्यावर. खांदा द्यायला म्हातारी माणसं, दुकानदार आणि आम्ही शिक्षक. शाळेने त्या दिवशी सुट्टी दिली नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, पण वसतिगृहाचा स्वयंपाक चुकला असता, म्हणून मीच नको म्हटलं. पिशवी त्यांच्या सुनेने नंतर शाळेत आणून दिली. ती समितीच्या कपाटात आहे आणि नव्या अध्यक्षांना मी पहिल्यांदा तीच दाखवली.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला. राज्यात अशा शाळा साडेचौदा हजारांहून जास्त. काही ठिकाणी तो पर्याय योग्यही असेल. पण तो योग्य आहे की नाही हे ठरवताना त्या वाटेने पहिलीच्या मुलाबरोबर कुणी चालून पाहिलं का, हा प्रश्न गावानेच विचारायचा असतो. तो विचारायला कायद्याने दिलेली जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिची बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी. तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या सरकारी शाळेत ती होते का, याची चौकशी करा. तुमचं मूल तिथे शिकत नसलं तरी करा, कारण पैसे तुमचेही आहेत. मागच्या ठरावांचं काय झालं ते विचारा, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत ते विचारा, एखाद्या मुलाला शेजारी बसवून वाचायला सांगा. आणि काही कमी दिसलं तर बोलून सोडू नका. लेखी अर्ज द्या, आणि त्याची पोच घ्या.